दगडांचा हिशेब

शार पर्वताच्या पायथ्याशी, बिस्त्रिका नदीच्या दोन्ही काठांवर कोसोव्होतले प्रिझरेन हे जुने शहर आहे. अल्बेनियन, सर्ब, तुर्क, बोस्नियाक, रोमा तिथे पिढ्यान्पिढ्या राहिले. आजही नगरपालिकेत अल्बेनियन-सर्बियनबरोबर तुर्की आणि बोस्नियन भाषा अधिकृत आहेत. अशा शहरांना आपण 'संस्कृतींचा मिलाफ' म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र तिथल्या दगडांपाशी थांबावेसे वाटते.

नदीकाठची सिनान पाशा मशीद १६१५ सालची. तिचे दगड सम्राट दुशानने चौदाव्या शतकात बांधलेल्या मठातून आणलेले. हे सांगताना आपल्याला अवघडल्यासारखे होते, होऊ द्यावे. राजा मिलुतिनचे ल्येविशचे चर्च तर उस्मानी काळात मशीद झाले, विसाव्या शतकात पुन्हा चर्च. त्याच्या भिंतीवर कुणीतरी हाफिजची एक ओळ लिहून ठेवली होती.

१८७८ मध्ये अल्बेनियन पुढाऱ्यांनी जिथे प्रिझरेन लीग स्थापन केली, ती इमारत मार्च १९९९ मध्ये सर्बियन फौजांनी उद्ध्वस्त केली. त्याच वसंतात लाखो अल्बेनियन देशोधडीला लागले. हा जुलूम होता, यात दुमत नाही. मग पाचच वर्षांनी, मार्च २००४ मध्ये, त्या मजलूमांतल्याच जमावाने ल्येविशचे चर्च पेटवले, किल्ल्याखालची सर्ब वस्ती जाळली.

ज्याचे घर जळाले त्याला काडी ओढण्याचा हक्क मिळतो का? 'नाही' हे उत्तर सोपे आहे, आणि झळ न लागलेला माणूस ते फार सहज देतो. झळ लागलेला विचारतो, मग माझा हिशेब कोण चुकता करणार? हा प्रश्न खोटा नाही. पण हिशेबाला नाव लागते. इमारत पाडणाऱ्या सैनिकाला नाव होते, हुद्दा होता. किल्ल्याखाली राहणाऱ्या एखाद्या म्हातारीकडून काय वसूल होणार? जमावाला माणूस लागत नाही, त्याची जमात कळली की पुरते. आपल्याला हे समजावून सांगायला नको. नावावरून घरे हेरून जाळलेली आपण पाहिली आहेत.

म्हणूनच प्रिझरेनची हकीकत वाचताना आपले मन तपासावे. जाळणारे बहुतेक मुसलमान होते, म्हणून कारणे शोधायची घाई झाली का? सूरह हजमध्ये मशिदींच्या आधी मठ आणि चर्चचा उल्लेख येतो, हे आपण जलशांत अभिमानाने सांगतो.

२००६ मध्ये ल्येविशचे चर्च युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीतही. मशीद उभी आहे. सर्ब मात्र शहरात अगदी थोडे उरले आहेत.