प्रतिबंधक, उत्तेजक आणि बंद पडणारे इंजिन

छोटी पेट्रोल गाडी सिग्नलला थांबते, गिअर न्यूट्रलमध्ये येतो, इंजिन थरथरते आणि बंद पडते. चावी फिरवली की लगेच चालू होते. ॲक्सिलरेटरवर पाय हलका दाबून ठेवला तर बंद पडतच नाही. मिस्त्रीला रोज दिसणाऱ्या या बिघाडात कार्यकारणभावाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. इंजिन तेच, पेट्रोल तेच, प्लगची ठिणगी तीच. मग एरवी घडणारे कार्य याच वेळी का घडत नाही? आणि कारण हजर असूनही कार्य होत नसेल, तर त्याला कारण कशाच्या आधारे म्हणायचे?

भारतीय दर्शनांत हा वाद अग्नी आणि मण्याच्या उदाहरणावर झाला. अग्नी जाळतो, पण विशिष्ट मणी जवळ ठेवला की जाळत नाही, असे त्या काळी मानले जाई. मीमांसकांनी यावरून निष्कर्ष काढला, की अग्नीत डोळ्यांना न दिसणारी दाहक शक्ती असते. मणी तिला मारतो, मणी हलवला की ती पुन्हा उपजते. त्यांच्यातल्या प्राभाकर पंथाने तर शक्तीला स्वतंत्र पदार्थच मानले. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त आणि पुढे मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त ही शक्ती नाकारली. त्यांच्या न्याय परंपरेच्या, म्हणजे नैयायिकांच्या मते कार्य एकट्या कारणाने होत नाही, पूर्ण कारणसामग्री जुळावी लागते आणि प्रतिबंधकाचा अभाव हाही त्या सामग्रीचाच भाग आहे. मणी आला तेव्हा अग्नीतले काहीच गेले नाही; सामग्री तेवढी अपुरी पडली.

इंजिनाच्या बाबतीत हे शब्दशः लागू पडते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे 14.7 भाग हवा मिळाली तर ज्वलन नीट होते. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण 800 फेरे घेते आणि थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. अनेक गाड्यांत सगळी हवा तिच्या कडेच्या बारीक फटीतून आणि बाजूच्या लहान मार्गातून येते. इंजिनातून परत येणाऱ्या तेलकट वाफेचा काळा थर याच फटीवर बसतो. थर थोडा असेपर्यंत गाडीचा संगणक बाजूचा मार्ग अधिक उघडून हवा पुरवतो. थर वाढला, तो मार्गही अडला, की फेरे घसरतात आणि इंजिन थांबते. पिस्टन, प्लग, पंप शाबूत असतात. काजळी हा इथला मणी.

मीमांसकांच्या बाजूने उभा राहणारा खरा कठीण आक्षेप उत्तेजकाचा आहे. प्रतिबंधक मणी तिथेच असताना दुसरा, उत्तेजक मणी आणला तर अग्नी पुन्हा जाळू लागतो. म्हणजे प्रतिबंधकाचा अभाव नसतानाही कार्य होते. मग तो अभाव कारण कसा? नैयायिकांनी आपले विधान इथे कसोशीने दुरुस्त केले: उत्तेजक नसताना जो प्रतिबंधक असतो, त्याचा अभाव हे कारण. ॲक्सिलरेटर दाबताच काजळी जात नाही. झडप उघडते, हवा मुबलक येते आणि थर असूनही इंजिन चालते. गंगेशापासूनच्या नव्यन्यायाच्या अशा लांबलचक विशेषणांना शब्दच्छल म्हणण्याची प्रथा आहे. ती अन्यायाची आहे, कारण हे एक विशेषण काढले तर रोजचा अनुभवच चुकीचा ठरवावा लागतो.

एसी लावल्यावर गाडी हमखास बंद पडते म्हणून एसीला कारण ठरवणेही याच कसोटीवर टिकत नाही. कॉम्प्रेसर इंजिनावर भार टाकतो हे खरे, पण थर पुरेसा वाढला की एसी बंद असतानाही इंजिन थांबते. मानलेले कारण नसतानाही कार्य होणे, हा न्यायाच्या भाषेत व्यभिचार आहे. एसी फार तर भार वाढवतो. ‘त्या पंपावर पेट्रोल भरल्यापासून’ हे निदान तर बहुधा त्याहून दुबळे असते. घटापूर्वी माती वाहून आणणारे गाढव हजर होते, तरी नैयायिक विश्वनाथाने त्याला घटाचे कारण न मानता अन्यथासिद्ध, म्हणजे ज्याच्याशिवायही कार्य होऊ शकते असे, म्हटले, ते याचसाठी. नियमाने आधी असणे आणि दुसऱ्या कशाने निकामी न ठरणे, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच कारणत्व येते.

शक्तिवादाला अनुकूल वाटणारा बिघाड दुसरा आहे. इंजिन तापले की धावती गाडी बंद पडते, अर्धा तास थंड झाली की काही न करता चालू होते. शक्ती नष्ट होऊन पुन्हा उपजावी, तसे हे दिसते. काही गाड्यांत दोष क्रँकशाफ्टची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरमध्ये निघतो: आतल्या बारीक तारेचा जोड उष्णतेने सुटतो, थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. सुटलेला असताना संगणकाला संकेत मिळत नाही आणि तो ठिणगी व पेट्रोल सोडत नाही. इथेही सामग्रीतला एक घटक गेला आणि परतला. अदृश्य शक्ती मानण्याचे गौरव, म्हणजे अनावश्यक कल्पनेचा भार, पत्करायची गरज उरत नाही.

एक शंका मात्र नैयायिकांना सोडवावी लागते. अभाव कारण असेल, तर इंजिनात वाळू नसणे, पाणी नसणे, उंदराने वायर न कुरतडणे अशा असंख्य अभावांची कारणांत गणना करावी लागेल. याचे उत्तर अन्वय-व्यतिरेकातून मिळते. जे असताना कार्य अडते आणि दूर होताच घडते, असे पाहून जे प्रतिबंधक ठरले, त्याचाच अभाव मोजायचा. म्हणून थ्रॉटल स्वच्छ करून, इतर काही न बदलता, गाडी त्याच भाराखाली उभी चालवून पाहिली जाते. एकाच वेळी प्लग, फिल्टर आणि सेन्सर बदलले तर गाडी कदाचित सुरळीत चालेल, पण प्रतिबंधक कोणता होता हे सिद्ध होणार नाही.