चोखोबा कोणी वाचायचा?

परवा अभ्यासवर्गात भांडण झालं. मी चोखामेळ्याचा विषय काढला, तर एक मित्र उसळला, "तुह्या आज्यानं १९५६ साली चांद्यात दीक्षा घेतली, अन् तू आमाले पुन्हा पंढरपूरले नेऊन रायला का?" मूलच्या राईस मिलमध्ये रात्रपाळीला धानाची पोती वाहताना तो सवाल पाठीवरच होता.

मित्रांनो, रा. द. रानडे यांचं नाव ऐकलं असेल. जन्म १८८६, जमखंडीचा. अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांच्या गूढवादावर त्यांनी इंग्रजीत जाडजूड ग्रंथ लिहिला. माणूस ढोंगी नव्हता. ज्या अनुभवावर लिहिलं त्यासाठी जन्मभर ध्यानाला बसला. पण मला ठेच लागते ती इथंच. त्यांच्या मांडणीत ज्ञानेश्वर, नामदेव, गोरा, चोखा सगळे एकाच प्रकाशाकडे चाललेले. प्रकाश एक असेलही. दार एक नव्हतं! चोखोबा देवळाबाहेर उभा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून तो मेला, असं परंपरा सांगते. वेठीला जुंपलेल्याचं दर्शन आणि गाभाऱ्यात शिरणाऱ्याचं दर्शन एकाच मापानं कसं मोजायचं?

याउलट गेर्शोम शोलेम. बर्लिनचा ज्यू, जन्म १८९७. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक शिकलेल्या ज्यू पंडितांना आपल्याच कब्बालाची, म्हणजे गूढ परंपरेची, लाज वाटायची. अंधश्रद्धा म्हणून त्यांनी ती अडगळीत टाकली. शोलेम १९२३ साली जेरुसलेमला गेला, आधी ग्रंथालयात राबला, मग विद्यापीठात शिकवू लागला. १९८२ साली मरेपर्यंत तीच हस्तलिखितं. स्वतः काही कब्बालाचा साधक झाला नाही. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकललं, ती जखम पुढच्या कब्बालात देवाच्याच वनवासाची कथा होऊन आली, असं त्यानं मांडलं. (नंतरच्या अभ्यासकांनी यावर वाद घातला. घालू देत.)

मला त्याची ही रीत हवी. चोखोबाच्या अभंगात देव शोधायचा नाही, भिंत शोधायची. आपणही त्या पंडितांसारखे लाजत तर नाही ना, हेही तपासायचं. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. अर्पण केलं, आरती नाही ओवाळली.

मित्राला हे सांगितलं. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाच. पण हात जोडशीन तं मी उठून जाईन."

रविवारी गाथा घेऊन जातोय.