देऊळ विकता येते का?
प्राणप्रतिष्ठा झालेले देऊळ विकता येते का, हा प्रश्न जितका मालकीचा तितकाच श्रद्धेचा आहे. हिंदू कायद्यात देवता ही विधिमान्य व्यक्ती आहे; 1925 साली प्रिव्ही कौन्सिलनेही तसे मानले. म्हणजे विश्वस्त हे मालक नव्हेत, राखणदार. महाराष्ट्रात 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 36 नुसार न्यासाची जमीन वा इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पडझडीवर शास्त्राने उपाय सांगितला तो जीर्णोद्धाराचा: मूर्तीतील चैतन्य कलशात आणावे, डागडुजी करावी, पुन्हा प्रतिष्ठा करावी. अंबरनाथचेच उदाहरण घ्या: तिथे 1060 सालचे शिलाहारकालीन शिवालय आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. बाहेरची शिल्पे झिजली, पूजा मात्र चालूच आहे. अशी वास्तू विकायची नसते. सांभाळून पुढच्या पिढीच्या हाती द्यायची असते.