विडीचा दोष की पत्र्याचा?



३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. घरांवरचे सिमेंटचे पत्रे उडाले आणि वाडीत तुकडे होऊन पडले. ते आपण हातांनी गोळा केले, अंगण कोरडेच झाडले. कोणाच्या तोंडात तेव्हा विडीही असेल. या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

घाबरून जाऊ नये. दोन दिवसांची धूळ वेगळी आणि कारखान्यात किंवा गोदीत बॉयलरपाशी वर्षानुवर्षे छातीत साठलेली धूळ वेगळी. अशा कामगाराला फुफ्फुसाचा कर्करोग होतो तो बहुधा वीस-तीस वर्षांनी. तोवर तो निवृत्त होऊन गावी आलेला असतो. मग लोक म्हणतात, "विड्या ओढायचा ना!" अंत्यविधीहून परतताना आपणही हेच म्हणतो. पण हा न्याय झाला का?

अमेरिकेतील ॲस्बेस्टॉस कामगारांची पाहणी डॉ. सेलिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केली. या कर्करोगाने मरण्याचा धोका नुसत्या ॲस्बेस्टॉसने सुमारे ५ पट, नुसत्या धूम्रपानाने सुमारे १० पट, आणि दोन्ही एकत्र आले तर ५० पटींहून अधिक वाढलेला आढळला. म्हणजे येथे बेरीज नाही, गुणाकार आहे.

सोपा हिशेब करू. दोन्ही धोके असलेल्यांपैकी ५० जण मेले असे धरा. धूळ नसती तर १० मेले असते, म्हणजे ४० वाचले असते. धूम्रपान नसते तर ५ मेले असते, म्हणजे ४५ वाचले असते. चाळीस आणि पंचेचाळीस मिळून पंच्याऐंशी होतात, माणसे तर पन्नासच! तेव्हा विडीकडे बोट दाखवून मालकाचा वाटा कमी होत नाही, आणि मालकाकडे बोट दाखवून विडीचाही नाही. पापनिवेदनाला बसल्यावर आपण शेजाऱ्याचे पाप सांगत नाही, तसेच हे आहे.

तरीही मला दोघे सारखे वाटत नाहीत. विडी वाईट हे ओढणाऱ्याला ठाऊक असते. धुळीत काय आहे हे कामगाराला अनेकदा कोणी सांगितलेलेच नसते, आणि पोटासाठी श्वास तर घ्यावाच लागतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य हा कामगाराचा मूलभूत हक्क ठरवला. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे, किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपाव्यात, असेही बजावले. रोग उशिरा येतो, म्हणून कागद तरी टिकावा.

छातीत गेलेले तंतू काढता येत नाहीत. विडी मात्र आजही सोडता येते, आणि अशा कामगाराचाही धोका त्याने वर्षागणिक उतरतो. डॉक्टर विडीबद्दल स्वतःहून विचारतात. जुन्या कामाबद्दल बहुधा आपल्यालाच सांगावे लागते.