राखणे म्हणजे काय?

वस्तू जपून ठेवणे हा सद्गुण आहे, असे आपल्या घरांतून शिकविले जाते. परंतु जी वस्तू चालण्यासाठीच निर्माण झाली, ती पेटीत बंद ठेवणे म्हणजे तिचे रक्षण होय काय? छोट्या आगगाड्यांच्या संग्राहकापुढे हा प्रश्न नित्य उभा असतो, आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही.

मालकाला वस्तू न वापरण्याचाही हक्क आहे, हे कायद्याला मान्य आहे. मूळ खोक्यासह कोरी राहिलेली जुनी गाडी अधिक मोलाची ठरते. म्हणून पुष्कळजण तिला रुळांवर ठेवीतच नाहीत. न्यायालय त्यांना जाब विचारणार नाही. पण वस्तू विचारते. १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर धावणारे इंजिन वर्षानुवर्षे पडून राहिले, की त्याच्या दातेरी चाकांतील तेल घट्ट होते आणि खोक्यातला फोम विरून रंगाला चिकटतो. नियंत्रकातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ऑक्साईडचा पातळ थर, दीर्घकाळ वीज न मिळाल्यास, क्षीण होतो.

चालविल्यानेही झीज होते, हा आक्षेप खरा आहे. मोटारीचे कार्बनब्रश झिजतातच. परंतु वापराची झीज डोळ्यांसमोर घडते, म्हणून तिच्यावर वेळीच उपाय होतो. अडगळीतली झीज पेटी उघडेपर्यंत कळत नाही.

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील चांदीची छोटी गाडी मेजावरील रुळांवरून पाहुण्यांपुढे पेये व चिरूट नेत असे. पात्र उचलताच ती थांबे. लोकांच्या स्मरणात राहिली ती चांदी नव्हे, हे थांबणे. पुण्यात १९९८ साली खुल्या झालेल्या जोशी यांच्या संग्रहालयातही गाड्या प्रेक्षकांसमोर धावतात, यातच त्याचे मर्म आहे.

मृत्युपत्राने पेट्या वारसाकडे जातात. त्यांच्यामागचे ज्ञान जात नाही. आजच्या अंकीय पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि रुळांतून आलेल्या संदेशांपैकी आपल्या क्रमांकाचाच संदेश ते पाळते. तो क्रमांक कोणता, तेलाचा थेंब कुठे सोडावा, हे शेजारी बसूनच शिकावे लागते. म्हणून दमटपणा शोषणारी पुडी पेटीत अवश्य ठेवावी. पण अधूनमधून पेटी उघडावी, रूळ मांडावेत आणि नियंत्रक घरातल्या मुलाच्या हाती द्यावा. एखादे इंजिन पडेल, क्वचित मोडेलही. पण ते दुरुस्त कसे करावे हे जाणणारा माणूस घरात तयार होईल, आणि राखणे ते हेच.