दोष बोटाचा की तारेचा?

सोलापुरात मार्च संपता संपता हवा कोरडी ठाक होते. या दिवसांत इलेक्ट्रिक गिटारच्या मानेवरून हात फिरवला की फ्रेट्सची, म्हणजे पडद्यांची, टोकं तळव्याला टोचतात. पडदे वाढलेले नसतात. ते धातूचे, जागच्या जागी असतात. त्यांच्याखालचं लाकूड सुकून आत सरकलेलं असतं. एवढी साधी गोष्ट मला फार उशिरा कळली.

माझ्या पहिल्या गिटारच्या तारा पट्टीपासून बऱ्याच उंच होत्या. तर्जनी आडवी टाकून एफ कॉर्ड धरायचा तर बोटं वळायची, तरी दोन तारा मुक्याच राहायच्या. रियाज कमी पडतो, असं मला सांगितलं गेलं आणि मी ते मानलं. दोष वाद्यातही असू शकतो, हा विचार मनाला शिवला नाही. खरं तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला तो सुचायला हवा होता. कापडात खोट दिसली की माग दुरुस्त करणारा जॉबर आधी मागाजवळ जातो. ताणा सैल आहे की जास्त ओढला गेलाय, ते बघतो. विणणाऱ्याच्या हाताचा विचार त्यानंतर.

गिटारमध्येही सगळा खेळ ताणाचाच आहे. सहा तारा मिळून मानेला चाळीसेक किलोच्या जोराने ओढतात. त्या ओढीपुढे लाकूड वाकू नये म्हणून मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीने तिचं पेटंट 1923 मध्ये मिळवलं. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली की मधल्या पडद्यांवर जेमतेम पाव मिलीमीटर फट दिसावी. जास्त दिसली तर ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, सळई थोडी आवळायची, तार पडद्यांना टेकत असेल तर सैल करायची. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तारा पुन्हा सुरात आणून तपासायचं, कारण लाकडाला हलायला वेळ लागतो. मान सरळ झाली की तारांची उंची आणि सगळ्यांत शेवटी इंटोनेशन, म्हणजे प्रत्येक पडद्यावर सूर बरोबर येणं. हा क्रम मोडता येत नाही, कारण आधीची प्रत्येक गोष्ट पुढचीला हलवते.

इंटोनेशन हा यातला सर्वांत सुंदर भाग. तारेची लांबी निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो, हे गणित. फेंडर गिटारची लांबी 648 मिलीमीटर, म्हणून बारावा पडदा 324 वर. पण बोटाने दाबलेली तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. म्हणून ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, थोडी मागे घ्यावी लागते, प्रत्येक तारेसाठी वेगळी. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये लिओ फेंडर यांनी सहा तारांना सहा स्वतंत्र सॅडल दिल्या. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. दोष कुठून येतो, हे शोधण्याची नजर मात्र त्याच्याकडे होती.

एवढं करूनही गिटार पूर्ण सुरात येत नाही. पडद्यांसाठी सप्तकाचे बारा सारखे भाग केले की गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार ज्याने ऐकलाय, त्याच्या कानाला तो फरक जाणवतो. ट्यूनरवरचा हिरवा दिवा म्हणजे पडद्यांनी मान्य केलेली तडजोड. ती कुठे आणि किती करायची, हे कानालाच ठरवावं लागतं.

स्वतःच्या कानाने वाद्य लावण्याचं शहाणपण आपल्याकडे जुनं आहे. पंढरपूरकडच्या शेतातले भोपळे मिरजेला जातात आणि तिथे त्यांचे तंबोरे होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गाणं शिकणाऱ्याला तंबोरा लावायला शिकवतात. खुंटी पिळणं, मणी सरकवणं, घोडीवरचा दोरा नेमक्या जागी आणणं हे त्याचं काम. पण घोडी घासून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झंकार, काढणं कारागिराचं. ही सीमारेषा मला फार मोलाची वाटते. जे उलटं फिरवून पूर्ववत करता येतं, ते आपण करावं. जिथे कानस चालते आणि घासलेलं परत येत नाही, तिथे जाणत्याच्या हाती वाद्य सोपवावं. गिटारचे स्क्रू आपले, पडदे घासणं आणि नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचा कोरणं त्याचं.

स्वतः जुळवणी शिकल्याने पैसे वाचतात, पण ती मोठी गोष्ट नाही. बेसूर ऐकू आल्यावर बोट, तार, लाकूड आणि हवा यांपैकी कोणाकडे बघायचं ते कळतं, ही मोठी गोष्ट आहे. ते कळलं नाही तर माणूस एकतर स्वतःला नालायक ठरवतो, नाहीतर वाद्याला.

म्हणून गिटार शिकवणाऱ्यांना एकच विनंती. पहिल्याच महिन्यात मुलाच्या हाती ॲलन की द्या, आणि रियाज कमी पडतो असं म्हणण्याआधी त्याची गिटार एकदा स्वतःच्या हातात घेऊन वाजवून बघा.