ममतेचे पाणी

मे महिन्यात आमच्या वर्धेचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात कुंडीतलं रोप तहानेलं असणार, असं कोणास वाटणार नाही? आम्हांसही वाटलं. रोप होतं अडेनियमचं. एडन बंदरावरून हे नाव पडलं. मूळ देश अरबस्तान व आफ्रिका. लोक त्यास वाळवंटी गुलाब म्हणतात, पण ते कण्हेरीच्या कुळातलं. आम्ही शेतातली काळी कपाशीची माती आणून कुंडी भरली आणि सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. पावसाळ्यातही नेम मोडला नाही. एके दिवशी बुंधा मऊ लागला. मुळं कुजली होती.

माळीदादा म्हणाले, "महाराज, याचं पाणी याच्या फुगीर बुंध्यातच असते. ही माती ओल धरते, अन् वरून तुम्ही रोज ओतता. हे तुमच्या मायेनं मरून राहिलं."

बोल आमच्या जिव्हारी लागले. आमच्याकडे कीर्तन शिकायला एक मुलगा येत असे. त्याचं कल्याण व्हावं म्हणून आम्ही चारचौघांत त्याचा शब्दन् शब्द सुधारीत असू. एक दिवस तो येईनासा झाला.

वाचकहो, आपण देतो ते समोरच्याच्या गरजेपुरतं, की आपली तळमळ शमावी म्हणून? शास्त्रात अधिकारभेद आयुष्यभर शिकविला. अंगणात तो विसरलो. कोणी म्हणेल, मग उपेक्षा करावी काय? मुळीच नाही. उपेक्षा करणारा कुंडीकडे पाहतच नाही. आम्ही आता रोज बोटानं माती चाचपतो. कोरडी लागली तरच पाणी देतो. हात आवरून रोज पाहणं हे ओतण्याहून कठीण, बरं का!

सडका भाग चाकूनं कापला. चीक विषारी, म्हणून हात धुतले. काही दिवस रोप सावलीत कोरडं ठेवलं, मग रेती, मुरूम व थोडं शेणखत यांत लावलं. नवी पानं आली आहेत.

त्या मुलाच्या घरी आम्ही एकदाच गेलो. "बाळ, चूक आमची झाली," एवढंच बोलून परतलो. तो अजून आलेला नाही. उद्या पुन्हा जावं, असं मन म्हणतं. पण हे जाणं त्याच्यासाठी की आमच्यासाठी, याचं उत्तर मिळेपर्यंत आम्ही दार उघडं ठेवून घरीच बसतो.